फोक्सवॅगन बीटलचं १६०० इंजिन दुसऱ्यांदा बांधून घेतलं : अकरा महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात इंजिन चांगलं तापलेलं असताना, आयडलला, ऑइल प्रेशरचा लाल दिवा मिचमिचला. एकदाच. ज्याचं इंजिन एकदा बसलंय त्यालाच कळेल, पोटात कसा गोळा येतो ते. गाडी जागीच बंद केली, ढकलत कडेला घेतली आणि दहा मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. पहिल्यांदा बांधलेलं इंजिन ९०० किलोमीटरवर असंच गेलं होतं. आधी दिवा मिचमिचला, मग दोन दिवस मी स्वतःची समजूत काढली की वायर ढिली असेल, आणि तिसऱ्या दिवशी खालून ठोका यायला लागला.

या वेळी खरोखर तो दिवा लावणारा प्रेशर स्विचच गेला होता. तो काढून त्याच भोकात तेलाचा दाब मोजणारं मेकॅनिकल गेज बसवलं, इंजिन पुन्हा तापवलं. २,५०० आरपीएमला काटा तीस पीएसआयच्या वर, आयडलला नऊ-दहा. हजार आरपीएमला दहा पीएसआय हा जुना हिशेब, त्यात व्यवस्थित बसतंय. नवा स्विच टाकला, विषय मिटला. पण धडधड काही लगेच जाईना, म्हणून कित्येक महिने लिहीन-लिहीन म्हणत राहिलेलं आता लिहून टाकतो.

इंजिनाबद्दल वेगळं सांगायला नको. हवेने थंड होणारं, ८५.५ मिलिमीटर बोअर, ६९ स्ट्रोक, एक कार्ब्युरेटर, सगळं कारखान्यातून आलं तसं. प्रश्न ते कोणाच्या हाती द्यायचं हा होता.

पहिल्यांदा मी निवड केली ती सगळेच करतात तशी. सगळ्यात कमी अंदाज कोणाचा आणि सगळ्यात लवकर कोण देतो, एवढंच पाहिलं. गॅरेज स्वच्छ, भिंतीवर पाने ओळीत टांगलेले, बांधून झालेल्या इंजिनांचे फोटो. बांधणाऱ्याने मला एकही प्रश्न विचारला नाही आणि मला वाटलं, केवढा हा आत्मविश्वास! केसचं, म्हणजे ज्यात क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या मुख्य कवचाचं, लाइन बोरिंग (मेन बेअरिंगच्या झिजलेल्या जागा एका रेषेत पुन्हा कोरणं) बाहेरच्या मशिनशॉपमधून करून आणायचं होतं. ने-आण मीच करतो म्हणालो, तेवढेच वाचतील म्हणून. केस परत आली ती आरशासारखी चकचकीत. त्या चकाकीवर मी इतका खूश होतो की तिचे फोटो काढून चार जणांना पाठवले.

तेच इंजिन ९०० किलोमीटरनंतर खोललं, तेव्हा मेन बेअरिंगांवर गोल गोल ओरखडे होते आणि मऊ थरात चमकणारे कण रुतून बसले होते. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंगात फिरणाऱ्या गोल भागावर, नख फिरवलं तर अडकत होतं.

आता बुचांबद्दल. पुढचे दोन परिच्छेद बुचांवरच आहेत, आधीच सांगतो. घरात गेले वर्षभर सगळे हेच ऐकतायत.

या इंजिनाच्या केसमध्ये तेलाच्या वाटा ड्रिल करून काढलेल्या असतात आणि त्यांची बाहेरची तोंडं कारखान्यातच मऊ अॅल्युमिनियमची बुचं ठोकून बंद केलेली असतात. केस बोअर केली की मॅग्नेशियमचा कीस उडतो, तो या वाटांमध्येही जातो. आडव्यातिडव्या वाटा, एका टोकाला बूच. वरून कितीही धुवा, हवा मारा, कोपऱ्यातला कीस तिथेच राहतो. नंतर गरम तेल वाहायला लागलं की तो सुटतो आणि थेट बेअरिंगात जाऊन बसतो. या इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, फक्त जाळी आहे, आणि ती जाळी पंपाच्या आधी. वाटांमधला कचरा पंपाच्या पुढे. म्हणजे त्याला अडवणारं मध्ये कोणीच नाही.

म्हणून बोअरिंग झालं की ती बुचं ड्रिलने काढायची, वाटा लांब ब्रशने आरपार घासून धुवायच्या, तोंडांना आटे पाडायचे आणि आट्यांची बुचं लॉकटाइट (आटे पक्के धरणारा गोंद) लावून बसवायची. तीही मापात. जास्त आत गेलं तर शेजारची वाट बुजते, फ्लायव्हीलच्या बाजूचं बाहेर राहिलं तर फ्लायव्हीलला घासतं. काम अर्ध्या दिवसाचं, पण बाहेरून ते दिसत नाही, म्हणून त्याचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. माझ्या केसची बुचं कारखान्यातून आली तशीच होती. बांधणारा म्हणाला, धुऊन द्यायची जबाबदारी मशिनशॉपची. मशिनशॉप म्हणालं, आम्ही माप देतो, धुणं बांधणाऱ्याचं. दोघंही शांतपणे बोलत होते. आवाज माझाच चढला होता.

दुसऱ्या शोधात मी शहाणा झालो होतो, निदान तसं मला वाटत होतं. तीन ठिकाणी गेलो. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: बुचं काढता का? पहिला म्हणाला, कसली बुचं? दुसरा म्हणाला, काढतो की, सगळं काढतो. मग मी विचारलं, हेडचे नट किती टॉर्कला घट्ट करता? तर त्याने जो आकडा सांगितला तो पाण्याने थंड होणाऱ्या कुठल्याही इंजिनाला शोभला असता. इथे १० मिलिमीटरच्या स्टडला ३२ न्यूटन-मीटरच्या आसपासच थांबावं लागतं, नाहीतर स्टड मॅग्नेशियममधून आट्यांसकट उपटून येतो. मग स्टीलचे इन्सर्ट बसवत बसा. माणूस वाईट नव्हता, हात दुसऱ्या इंजिनांवर बसलेला होता.

ही चूक आपणही करतो. ‘एअर-कूल्ड करतो’ असं कोणी म्हटलं की आपण निश्चिंत. पण सिट्रोएन टूसीव्हीचा क्रँक तुकडे दाबून जोडलेला, त्याचे कनेक्टिंग रॉड अखंड. तो ‘ग्राइंड करून आणतो’ म्हणणाऱ्याने तो कधी पाहिलेलाच नाही. पोर्शे नाइन-इलेव्हनच्या निकासिल (आतून कठीण मुलामा दिलेल्या) सिलिंडरला नेहमीचं बोअरिंग-होनिंग चालत नाही. फियाट ५०० चं दोन सिलिंडरचं उभं इंजिन ही आणखी तिसरीच जात. एकात हातखंडा असलेला माणूस दुसऱ्यात नवशिका असू शकतो आणि चांगला माणूस ते स्वतःहून सांगतो.

तिसऱ्याने माझ्या बुचांच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. उलट विचारलं, ‘‘पत्रे कुठायत?’’ मला कळेना. ‘‘इंजिन एकटं काय आणलंत? फॅनचं आवरण, सिलिंडरखालचे पत्रे, थर्मोस्टॅट, हवेच्या झडपा, इंजिनाभोवतीचं रबर. हे नसेल तर मी काय बांधू? दोन महिन्यांत तीन नंबर सिलिंडर जाळून परत याल.’’ ऑइल कूलर जुन्या आवरणात तीन नंबर सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा असायचा, म्हणून तो सिलिंडर जास्त तापायचा. १९७१ पासून कूलर मागे वेगळ्या खोपट्यात गेला, हे मला पाठ होतं. पण माझ्याच गाडीत थर्मोस्टॅट नाही आणि खालचे दोन पत्रे कुठल्यातरी आधीच्या मालकाने काढून टाकलेत, हे मी आयुष्यात कधी वाकून पाहिलं नव्हतं.

माणूस उद्धट. तारीख देणार नाही म्हणाला. फोन आठवड्यातून एकदाच करायचा, तोही मी नाही, तेच करणार. पहिल्या दोन महिन्यांत मी या अनुभवाचा मसुदा लिहूनही ठेवला होता आणि त्यात त्यांच्याबद्दल बरे शब्द नव्हते. क्रँक ग्राइंडिंगहून आला, यांनी मायक्रोमीटर लावला, एक जर्नल अंडाकार निघाला म्हणून परत पाठवला. दुसऱ्यांदा आला, तेलाच्या भोकांच्या कडा धारदार राहिल्यात म्हणून पुन्हा परत. सगळे मिळून साडेचार महिने गेले. मला वाटलं, हा माणूस काम टाळतोय.

मत बदललं ते एका दुपारी. त्यांनी बोलावलं, ‘‘बुचं बुचं करत होतात ना, या.’’ केसच्या उरलेल्या एका तोंडातलं बूच माझ्यासमोर ड्रिलने काढलं. खाली पांढरं फडकं पसरलं. बाटली घासायच्या ब्रशसारखा पण बोटाहून बारीक ब्रश रॉकेलमध्ये बुडवून वाटेत घातला, गोल फिरवला आणि बाहेर ओढला. फडक्यावर करडं पाणी सांडलं आणि त्यात नखाच्या कातरणाएवढे, वळलेले, चमकणारे चार-पाच तुकडे. ९०० किलोमीटर धावूनही आत राहिलेले. ते काहीच बोलले नाहीत. फडक्याची घडी घालून माझ्या हातात दिलं.

एंड प्लेही, म्हणजे क्रँक पुढे-मागे किती सरकतो तेही, माझ्यासमोरच मोजला. आधी दोनच शिम (पातळ चकत्या) घालून फ्लायव्हील बसवलं, डायल गेज टेकवलं, क्रँक पुढे-मागे ढकलला, आकडा लिहिला. त्यावरून तिसरी शिम निवडली. मग तिन्ही शिम, सील, पुन्हा माप: ०.१० मिलिमीटर. हद्द ०.०७ ते ०.१३. ‘‘०.०८ लागला असता तरी चाललं असतं?’’ मी विचारलं. ‘‘चाललं असतं. पण मग तुम्ही विचारलं असतं, ०.१० का नाही.’’ त्यांनी केलेला एवढाच विनोद.

इंजिनाबरोबर एक तेलकट कागद दिला. केस १.०० मिलिमीटर ओव्हर (बोअर तेवढं मोठं), क्रँक ०.२५ अंडर (घासून तेवढा बारीक), प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स, चारही डेक हाइट (पिस्टन वर असताना सिलिंडरच्या कडेपासूनचं अंतर), चेंबरचं आकारमान, टॅपेटची फट ०.१५ थंड असताना. खाली एक ओळ: ‘ही केस पुढच्या वेळी बोअर होणार नाही.’ पहिल्या ठिकाणी मला दिली होती गुळगुळीत छापील वॉरंटी. तिच्यात एकही माप नव्हतं.

इथवर लिहिलं तेव्हा हा अनुभव सरळ होता: एक वाईट, एक चांगला. पण परवा ऑइल प्रेशर ताडून पाहायला तो कागद शोधत होतो, तेव्हा त्याच फाइलमध्ये पहिल्या मशिनशॉपचा अंदाजपत्रकाचा कागद सापडला. चार ओळी. लाइन बोरिंग. इन्सर्ट. मग तिसरी (गॅलरी म्हणजे त्याच तेलाच्या वाटा): ‘गॅलरी बुचं काढून धुलाई, आटे, नवीन बुचं.’ आणि तिच्यावरून निळ्या पेनाची आडवी रेघ. बाजूला माझी सही.

मला ते अजिबात आठवत नव्हतं. आता अंधुक आठवतंय: ‘आवश्यक तेवढंच करा, बाकी वाढवू नका,’ असं मी म्हणालो होतो. म्हणजे इतके महिने मी ज्यांना शिव्या घातल्या त्यांनी ते काम सुचवलं होतं. तरीही माझं म्हणणं आहे की सही घेताना त्यांनी सांगायला हवं होतं, ही रेघ ओढलीत तर बोअरिंगचा काही उपयोग नाही. आणि बांधणाऱ्याने हातात आलेल्या केसची बुचं जुनीच आहेत हे पाहायला हवं होतं. हे मी अजूनही मानतो, पण आता जरा हळू आवाजात. मशिनशॉपला फोन करावा का, हे ठरलेलं नाही. बहुधा करणार नाही.

अकरा महिन्यांचं थोडक्यात. साडेसहा हजार किलोमीटर. पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस मिनिटं २,००० आरपीएमच्या आसपास चालवलं, नवीन कॅम नीट बसावा म्हणून. ५०० किलोमीटरला तेल बदललं, जाळीवर थोडी चमक, नेहमीची. पाच हजाराला जाळी स्वच्छ. टॅपेट एकदाच हलवावे लागले, तीन नंबरच्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हची फट किंचित कमी झाली होती. हेच कळवलं तेव्हा पलीकडून फक्त ‘हं’ आलं. थर्मोस्टॅट आणि पत्रे परत बसल्यापासून थंडीत गाडी दोन मिनिटांत रुळते. एंड प्ले वाढलाय का ते बघायला पुली हाताने आत-बाहेर ओढून पाहायची मला आता सवयच लागली आहे. टक् आवाज येत नाही.

तक्रार एकच. फ्लायव्हीलच्या बाजूने तेल पाझरतं. रात्रभरात बेलहाउसिंगखाली (इंजिन गिअरबॉक्सला जोडतं तिथे) डाग पडतो. इतके महिने थांबून, इतकी बोलणी ऐकून, आणि तरी डाग. काल फोन केला. म्हणालो, गळतंय. पलीकडून विचारलं, ‘‘किती?’’ मी म्हणालो, थोडंसं. ‘‘थोडंसं म्हणजे किती? मोजून सांगा,’’ आणि फोन ठेवला.

गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवलाय. सकाळी पट्टी घेऊन जातो.