स्लीव्हनंतर आठ वर्षांनी परत वाढलेलं वजन आणि टिर्झेपटाइडचे नऊ महिने

माझी स्लीव्ह सर्जरी, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर लहान करायचं ऑपरेशन, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत झाली. तेव्हा वजन ११८ किलो होतं, दीड वर्षात ७१ वर आलं. पुढे तीनेक वर्षं ७३-७४ वर टिकलं आणि मग चढत गेलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये काटा ९४ दाखवत होता. मे महिन्यापासून आठवड्याला एक टिर्झेपटाइडचं, म्हणजे भूक आणि वजन कमी करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन घेतेय. आता जानेवारी संपत आलाय आणि वजन ७९ आहे. ऑपरेशनला वर्षं लोटल्यावर ज्यांचं वजन परत वाढलंय त्यांच्यासाठी लिहितेय. मला गरज होती तेव्हा मराठीत असं काही सापडलं नव्हतं.

आम्ही देवगडजवळ राहतो. थोडी कलमं आहेत आणि घरचा काजूचा धंदा. हंगामात दुपारभर मी गर निवडायला बसते. अख्खे एका टोपात, पाकळी दुसऱ्यात, कणी परातीत. त्या परातीतली चिमूट तोंडात जायची. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून जास्त काढून टाकतात, त्यामुळे दोन अंडी किंवा एक बांगडा खाल्ला की माझं पोट गच्च होतं. पण काजूची कणी, चहात बुडवलेला टोस्ट, आंबापोळीचा तुकडा ह्यांना पोट अडवत नाही. ते अलगद खाली उतरतात आणि तासाभरात पुन्हा जागा होते. जेवण चार घासांचं आणि चरणं दिवसभर, असं चाललं होतं. शंभर ग्रॅम काजूत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात हे मला पाठ होतं. तरी हात थांबत नव्हता.

इथल्या एका डॉक्टरांकडे गेले, तर पहिलं वाक्य आलं, "एवढे पैसे घालून ऑपरेशन फुकट घालवलंत." त्यानंतर दोन वर्षं मी कुणाकडेच गेले नाही. मुंबईच्या तपासणीची तारीख दरवर्षी पुढे ढकलली. देवळात कुणी "काय गो वयनी, परत अंग धरलंस?" म्हणालं की घरी येऊन रडायचे. ती दोन वर्षं गेली ह्याचं मला वजनापेक्षा जास्त वाईट वाटतं.

शेवटी नणंदेने हाताला धरून मुंबईला नेलं. सर्जननी वजनाबद्दल एक शब्द बोलायच्या आधी विचारलं, "भूक कधीपासून परत आली?" मग समजावलं. जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून सुरुवातीला भूक मेल्यासारखी असते. पुढे शरीर जुळवून घेतं. भूक परत येते, स्लीव्ह थोडी सैलावते, आणि वजन उतरलेल्या शरीराला इंधनही पूर्वीपेक्षा कमी लागतं. थोडंफार वजन परत येणं पुष्कळांच्या बाबतीत होतं. हे ऐकून खुर्चीतच माझे खांदे सैल झाले.

एंडोस्कोपी झाली, पित्ताशयाची सोनोग्राफी झाली, थायरॉइड, बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) सगळं पाहिलं. फेरिटिन तळाला गेलं होतं, कारण लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मी केव्हाच सोडल्या होत्या. त्या जन्मभर घ्यायच्या असतात, वजन वाढलं तरीही. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर होता का, मला कधी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हेही विचारलं. घरात तो कॅन्सर असेल तर हे औषध चालत नाही, आणि स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरांना आधी नीट विचार करावा लागतो. म्हणून ओळखीच्याने सांगितलं म्हणून परस्पर सुरू करू नका.

पहिले चार आठवडे २.५ मिलिग्रॅम, मग ५, ऑक्टोबरपासून ७.५. फरक कुठे जाणवला ते सांगते. तिसऱ्या आठवड्यात दुपारी गर निवडून उठले आणि पाहिलं तर कणीची परात जशीच्या तशी भरलेली. मी स्वतःला आवरलं नव्हतं. आठवणच झाली नव्हती. डोक्यातली खाण्याची टकळी इतकी वर्षं चालू होती की ती बंद पडल्यावरच मला तिचा आवाज कळला.

त्रास झाला, तोही खरा सांगते. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, आणि बांगडा तळायचा वास तर सहनच होईना. ह्यांनी महिनाभर मासे मागच्या पडवीत तळले. बद्धकोष्ठ अजून आहे, इसबगोल आणि जास्त पाणी लागतं. जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं, हे स्लीव्हचे जुने नियम परत पाळावे लागले. डोस वाढवल्यावर एकदा दोन दिवस उलट्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी लगेच थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं. आपल्यासारख्या ऑपरेशन झालेल्यांनी उलट्या अंगावर काढू नयेत.

प्रथिनं हा सगळ्यात कठीण भाग. दिवसाला निदान ६० ग्रॅम सांगितलीत आणि भूक तर नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, ताजी मासळी मिळत नाही. तेव्हा अंडी, पनीर, सुक्या जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि व्हे पावडर ह्यांवर काढलं. ऑगस्टमध्ये केस गळायला लागले तेव्हा कळलं की ६० भरतच नव्हते. आता पहिला घास प्रथिनांचा, भात उरलेल्या जागेत. गणपतीत एक उकडीचा मोदक खाल्ला, तुपासकट, आणि पोट तिथेच भरलं.

कोकणात राहणाऱ्यांसाठी साठवणीचं. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं. गेल्या वर्षी पाऊस २५ मेलाच देवगडला पोचला आणि लाईट दोन दिवस गेली. फ्रीज बंद, आत तीन कुप्या. मी घाबरून बर्फात ठेवणार होते. केमिस्टला फोन केला म्हणून वाचल्या, कारण औषध गोठलं की टाकूनच द्यावं लागतं. न उघडलेली कुपी ३० अंशांच्या खाली फ्रीजबाहेर २१ दिवस चालते. खोलीत थर्मामीटर २७ दाखवत होता. खोक्यावर बॉलपेनने तारीख लिहिली आणि कपाटात, उजेडापासून लांब ठेवलं. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र हे जमणार नाही, तेव्हा इन्व्हर्टरवाल्या शेजाऱ्यांचा फ्रीज आधीच बोलून ठेवा.

खर्च मोठा आहे. मी सुरू केलं तेव्हा एका इंजेक्शनची २.५ ची कुपी ३,५०० आणि ५ ची ४,३७५ रुपयांना होती, म्हणजे चार आठवड्यांना १४,००० ते १७,५००. शिवाय सोडलं की भूक परत येते. एका मोठ्या चाचणीत ३६ आठवड्यांनी औषध थांबवलेल्यांचं वजन पुढच्या वर्षभरात सरासरी १४ टक्के वाढलं होतं. हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तुम्हीही सुरू करण्याआधी घरच्यांसोबत बसून पुढच्या वर्षाचा हिशोब करा.

मेमध्ये सर्जनकडे परत जायचंय, तेव्हा डोस तोच ठेवायचा की कमी करून बघायचा ते ठरेल. तोवरच्या औषधाचे पैसे काजूच्या ह्या हंगामातून बाजूला काढायचं आम्ही दोघांनी ठरवलंय.