ट्रिनिटी नॉट: टॉप्स की डूल?

डब्लिनच्या दुकानात दोन ट्रे समोर आले की भली भली माणसं घुटमळतात. एकात ट्रिनिटी नॉट, म्हणजे तीन टोकांच्या केल्टिक गाठीच्या मधोमध बारीक पाचू बसवलेले चांदीचे टॉप्स. दुसऱ्यात तीच गाठ, पण तिच्याखाली कॉनेमाराच्या हिरव्या संगमरवराचा मणी लोंबणारे डूल. मी आधी टॉप्स घेतले, वर्षभराने डूल.

नुसत्या खड्यावरून ठरवायचं तर पाचूच घ्यावा. गॉलवे काउंटीतला हा संगमरवर मऊ, शिवाय त्यात कॅल्साइट, त्यामुळे आंबट लागलं की पॉलिश गेलंच. चिंच-लिंबाने चांदी उजळायची आपली सवय मला इथे नडली. एक मणी कायमचा मंद झाला. पाचू त्या मानाने कणखर, फक्त गरम पाण्यात टाकू नये, कारण बहुतेक पाचूंच्या बारीक भेगांत तेल मुरवलेलं असतं. पण इतका लहान पाचू हातभर अंतरावरून मला तरी काळाच दिसतो. मण्यातल्या हिरव्या-पांढऱ्या लाटा समोरच्याला दिसतात. दोन मणी तंतोतंत जुळत नाहीत, हे काहींना खटकेल. मला आवडतं.

माझं घोडं अडलं ते भलतीकडेच. लहानपणापासून जाड दांडीच्या, फिरकीच्या कुड्या घातल्याने माझी कानाची भोकं मोठी. या टॉप्सची दांडी मात्र काडीसारखी, आणि मागे नुसतं दाबून बसवायचं फुलपाखरू. सकाळी टोक वर करून घालावं, तर दुपारी ते खांद्याकडे वळलेलं. मोत्याची कुडी फिरली तर कुणाला कळतंय? या गाठीला वर-खाली आहे ना! एका कानात उभी, दुसऱ्यात आडवी, आणि मी दर वेळी लिफ्टच्या आरशात बोटाने सरळ करतेय. मागे सिलिकॉनच्या चकत्या लावून पाहिल्या. पुढे झुकणं थांबलं, फिरणं नाही. डूल आपल्याच वजनाने सरळ लोंबतात, त्यांच्याकडे बघावं लागत नाही.

अर्थात डूल मफलरच्या लोकरीत अडकतात, आणि उघड्या आकड्याचे असतील तर कधी पडले ते कळतही नाही. पाठीमागे कडी लागणारा आकडा मागून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी.

काहीही घेतलंत तरी गाठ नखाने चाचपून बघा. ट्रिनिटी कॉलेजातल्या, इ.स. ८००च्या सुमाराच्या बुक ऑफ केल्स या हस्तलिखितातल्या नक्षीत पट्टी एकीच्या वरून गेली की पुढचीच्या खालून जाते, वेणीसारखी. स्वस्त ओतकामात हे चढउतार नसतात, नुसत्या सपाट रेघा. दुकानदार गाठीचे अर्थही सांगेल, कधी पिता-पुत्र-पवित्र आत्मा, कधी अखंड प्रेम. ऐकून घ्यावं, पैसे घडणीचे मोजावेत. चांदीवर बसलेल्या हायबर्नियाचा, म्हणजे आयर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा, छाप दिसला तर उत्तमच, तो चांदीचा कस तपासणाऱ्या डब्लिनच्या अ‍ॅसे ऑफिसचा. ते ऑफिस चालवणाऱ्या सोनारांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली होती.

ज्यांनी जड कुड्या कधी घातल्याच नाहीत, त्यांना कदाचित टॉप्सच बरे पडतील. माझे मी भाचीला दिले. तिची भोकं बारीक आहेत, आणि तिच्या कानात टोक दिवसभर वर असतं.