पंपाशेजारचं पाणी: जुनी विहीर तपासायची की निरीक्षणाची बोअर मारायची?

निपाणी ते बेळगाव महामार्गाला किंवा खानापूर रस्त्याला ज्यांचं घर, रान पेट्रोल पंपाला लागून आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. जमिनीखालची टाकी गळायला लागली तर आपल्याला कळणार कसं? पंचायतीकडे किंवा गल्लीतल्या चार घरांकडे पैसे एकाच कामापुरते असतात, म्हणून ते जुन्या विहिरीचं पाणी तपासण्यावर घालायचे, की भूजलावर फक्त नजर ठेवायला मारलेल्या निरीक्षणाच्या बोअरवर, हे आधी ठरवावं लागतं.

रोजची डिप (टाकीत पट्टी बुडवून साठा मोजणं), घनतेची नोंद, टाकीतला पातळी दाखवणारा गेज हे पंपवाल्यांनी करायलाच हवं, पण त्यावर विसंबून राहू नका. सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला चार लिटर जातं, महिन्याला सुमारे १३० लिटर. अमेरिकेतल्या नियमात महिन्याच्या साठ्याच्या हिशेबातली तफावत विक्रीचा १ टक्का अधिक १३० गॅलन, म्हणजे ४९० लिटर, याच्या वर गेली की गळतीचा संशय धरतात. थेंबाथेंबाची गळती त्यात सहज लपते. आणि आपल्या पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेन्झीन असू शकतं, ज्यानं रक्ताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. त्या हिशेबानं एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन आठ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत दहा फूट पाणी असेल तर ते नव्वद हजार लिटरच्या आसपास भरतं, म्हणजे एका लिटरात अशा आठ-नऊ विहिरी.

आता विहीर. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, ते भूजलाच्या वरच्या पातळीवर तरंगत सरकतं, आणि उघड्या विहिरीत नेमकी तीच पातळी दिसते. खर्च फक्त नमुन्याचा. पण डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. खानापूरकडे आत्याच्या आडात पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग आला, तेव्हा सगळे घाबरले होते. मी काठीनं तो हलवला. काचेसारखे तुकडे झाले आणि तुकडे वेगळेच राहिले. तो जांभ्यातल्या लोहाचा, जिवाणूंनी धरलेला थर होता. तेल असतं तर काठी फिरवल्यावर पुन्हा एकत्र आलं असतं. उलट, तवंग नाही म्हणून पाणी स्वच्छ असंही नाही. विरघळलेलं बेन्झीन दिसत नाही, क्षार मोजणारा टीडीएस मीटर ते दाखवत नाही, पंचायतीच्या नेहमीच्या तपासणीतही ते येत नाही. शिवाय उघड्या विहिरीतून ते हवेत उडून जातं. म्हणून विहिरीच्या पाण्यात सापडलं तर खात्री धरा, न सापडलं तर फक्त तूर्त सापडलं नाही एवढंच म्हणा.

निरीक्षणाची बोअर ही उणीव भरून काढते, पण ती आपल्या बोअरवाल्यांची नेहमीची बोअर नव्हे. तीनशे फूट खाली जाऊन वरच्या थराला केसिंग (बंद पाइप) घातलं तर तेल ज्या थरात तरंगतं तोच बंद होतो, आणि मोटर खालचं पाणी ओढून ‘सगळं ठीक’ असं खोटं सांगते. इथे बोअर उथळ हवी. जाळीचा पाइप मे महिन्यातल्या सर्वांत खालच्या आणि पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीला कवेत घेणारा, वरचं तोंड बेंटोनाइट (ओली झाली की फुगणारी) माती आणि सिमेंटनं बंद, टोपीला कुलूप. एकीनं भागत नाही. पाणी कुठल्या दिशेला वाहतं हे कळायला त्रिकोणात किमान तीन लागतात. चुकीची मारली तर तीच बोअर वरचं प्रदूषण खालच्या पाण्यात पोहोचवते, ही भीती खरी आहे.

माझं मत जमिनीवर अवलंबून आहे. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम बाजूला जांभा सच्छिद्र, पाणी वर, विहिरी जवळजवळ. तिथे उताराच्या बाजूच्या दोन-तीन विहिरींचे नमुने वर्षातून दोनदा घ्या आणि बोअरचे पैसे राखून ठेवा. निपाणी, चिकोडीकडे काळी माती ओल्या-कोरड्यात फुगते, आक्रसते, पाइपांच्या सांध्यांवर ताण येतो आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. खाली मुरूम आणि बेसाल्टच्या फटींतून पाणी कुठे वळेल याचा नेम नाही. शेजारची विहीर कोरी आणि पलीकडची बाधित, असंही होऊ शकतं. तिथे मी बोअरच निवडेन, आणि त्याचा खर्च पंपानं उचलावा अशी मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी करेन.

दोन्हीकडे नमुना घेण्याची पद्धत एकच. प्रयोगशाळेकडून ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागून घ्या, प्लास्टिकची बाटली नको. पाणी काठोकाठ भरा, झाकण लावून कुपी उलटी करा. एक बुडबुडा दिसला तरी पुन्हा भरा, कारण बेन्झीन त्या हवेत जातं. बर्फात ठेवून लगेच पोहोचवा. अर्जावर बेन्झीन, टोल्युईन, इथाइलबेन्झीन, झायलीन अशी नावं स्पष्ट लिहा, नाहीतर हातात क्षार आणि क्लोराइडचा कागद येतो. एक नमुना मे महिन्यात, दुसरा दसऱ्यानंतर.

मधल्या काळात पाण्याला पेट्रोलचा वास आला तर ते पिणं, त्यानं आंघोळ करणं लगेच थांबवा. उकळूही नका, वाफेतून बेन्झीन घरात पसरतं. आणि गाळ काढायला कुणालाही त्या विहिरीत उतरू देऊ नका. आत साठलेल्या वाफेत माणूस गुदमरतो, आणि एका बिडीच्या ठिणगीनंही ती पेटते.