सांडपाण्याच्या पुनर्वापराला पैसा कुठून आणायचा? विदर्भातल्या ग्रामपंचायतींसाठी तीन वाटा

जलजीवनच्या घरोघरी नळाच्या योजनेत माणशी दिवसाला 55 लिटर पाणी धरलेलं असतं. त्यातलं साधारण 65 ते 70 टक्के न्हाणी-मोरीतून पुन्हा बाहेर पडतं. म्हणजे 1500 वस्तीच्या गावात रोज 50 हजार लिटरच्या वर सांडपाणी नालीला लागतं. नागपूर शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं, मग उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांनी आपलं पाणी डासांसाठी का सोडावं? यंदाच्या आराखड्यात हे काम घ्यायचं ठरलं असेल, तर पैशाच्या मुख्य वाटा तीन आहेत. तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात हिशेब माणशी ठेवला गेला. 5000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी 280 रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला 660 पर्यंत. 1500 वस्तीचं गाव धरलं तर 4 लाख 20 हजार होतात. पण यातले 30 टक्के, म्हणजे 1 लाख 26 हजार, ग्रामपंचायतीने 15 व्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून येणाऱ्या निधीतून घालायचे होते, आणि इथेच बरेच आराखडे अडले. वित्त आयोगाचा पैसा आधीच पेव्हर ब्लॉक आणि नाल्यांत संपलेला असतो. शिवाय हा टप्पा 2020-21 ते 2024-25 साठी मंजूर झाला होता. त्यामुळे आपल्या गावाच्या नावावर काही शिल्लक आहे का, हे पंचायत समितीत लेखी विचारूनच तो आकडा धरा. तोंडी ‘होऊन जाईल’वर इस्टिमेट काढू नका.

माझा कल वित्त आयोगाकडे आहे. 15 व्या आयोगात, म्हणजे 2021-22 ते 2025-26 या काळासाठी, 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखून, ठेवला गेला. त्यातला निम्मा स्वच्छतेसाठी, उरलेला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी. पुनर्वापर असा नाव घेऊन लिहिलेला होता, म्हणून ‘हे बसतं का?’ हा वाद आमसभेत उरतच नव्हता. एका बाजूची गरज पूर्ण भागली असेल तर रक्कम दुसऱ्या बाजूला वळवता येत होती. पैसा थेट ग्रामपंचायतीत येतो, आणि देखभालीचा खर्चही त्यातून करता येतो. अडचण एकच, पण मोठी: निवडून आलेली बॉडी नसेल, प्रशासक असेल, तर हप्ता थांबतो. नव्या आयोगाच्या निधीतून काम धरणार असाल तर बंधित-अबंधितचं ताजं परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) मागून घ्या.

रोजगार हमीची वाट घरोघरच्या शोषखड्ड्यांसाठी, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांसाठी, सोपी. या योजनेत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 ठेवावं लागतं, खोदकाम जास्त असलेली कामं त्यात सहज बसतात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांवरच डास हटवून दाखवले. ते पाहून आपल्याकडेही सरसकट खड्ड्यांचे ठराव होतात, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

कारण जमीन. पश्चिम विदर्भातली भारी काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि पावसात फुगून बंद होते. श्रावणात अशा खड्ड्यावरचं झाकण उचलून पाहा: दगड-विटांवर साबणाचा पांढुरका थर, आणि पाणी काठोकाठ, हलायला तयार नाही. पावसाळ्यात एक खड्डा खोदून तो पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच असेल तर घरोघर खड्ड्यांचा ठराव करू नका. मुरूम लागला असेल तर मात्र रोजगार हमीच घ्या, तिथे दुसरं काही शोधायची गरज नाही.

काळ्या जमिनीत गावाच्या टोकाला, उताराच्या बाजूला सामूहिक काम बरं: गाळकुंडी, मग पाणी साठवून निवळू देणारं स्थिरीकरण तळं किंवा कर्दळ लावलेला वाफा. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेलं फायटोरिड तंत्र याच धर्तीचं आहे. त्यासाठी वित्त आयोगाचा निधी मुख्य धरा, स्वच्छ भारतचा मिळाला तर जोडीला. जागा आधी ग्रामपंचायतीच्या नावावर हवी, नाहीतर तांत्रिक मान्यता मिळूनही काम लटकतं.

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात आणखी जपा. तिथलं भूजल मुळात खारं, त्यात साबण-सोड्याचं पाणी वर्षानुवर्षं शेताला दिलं तर जमीन कडक होते. पाणी आणि माती तपासून घ्या, आणि तोवर ते झाडांपुरतंच वापरा. भंडारा-गोंदियाकडे उलटं: पावसाळ्यात भूजल वर येतं, आणि नालीचा उतार बहुधा मामा (माजी मालगुजारी) तलावाकडे असतो. तिथे पहिला खर्च नाली तलावापासून वळवण्यावर व्हावा, परसबागेचा विचार त्यानंतर.

कोणतीही वाट घेतली तरी गाळकुंडी कोण उपसणार, त्याला महिन्याला किती द्यायचे आणि कोणत्या खात्यातून, हे त्याच ठरावात लिहून घ्या. रोजगार हमीत खड्डा होतो, पुढचा उपसा होत नाही. वित्त आयोगातून तो करता येतो, म्हणून तो आकडा पहिल्याच वर्षीच्या आराखड्यात टाका.