जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासाठी नीम ऑइल, नक्की घ्या

नर्सरीतून कोल्ड प्रेस्ड नीम ऑइल घेतलं आणि खरंच खूप खूश आहे. जास्वंदीचे शेंडे आखडलेले, कळ्या गळतायत, पानं चिकट आणि वर काजळीसारखा काळा थर, असं दिसलं की आधी पान उलटं करून बघा, देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की समजायचं पिठ्या ढेकूण आहे. आणि मुंग्यांची रांग असेल तर तिचाही बंदोबस्त करा, कारण त्या गोड चिकट्यासाठी किडीला सांभाळतात.

फार लागलेले शेंडे सरळ छाटून पिशवीत बांधून टाकायचे. मग कोमट पाण्यात थोडा लिक्विड सोप, लिटरला ५ मिली तेल, छान ढवळायचं, नाहीतर तेल वरच तरंगतं. फवारणी संध्याकाळीच, उन्हात पानं करपतात. अंडी कापसात लपलेली असतात म्हणून आठवड्याने परत मारावंच लागतं, एकदा मारून काही होत नाही.

वास उग्र आहे आणि थंडीत तेल गोठतं, बाटली गरम पाण्यात ठेवली की झालं. झाकण मात्र गळकं दिलंय, ते कंपनीने सुधारायला हवं. माझ्याकडून ४ स्टार.