गाडीच्या डिटेलिंगला वरखुशी किती आणि कोणाच्या हातात? दहा महिन्यांनंतरचा अनुभव

आमची बलेनो काळी आणि सोसायटीला बोअरचं पाणी. धुतलेली गाडी उन्हात वाळली की बॉनेटभर क्षाराचे पांढरे गोल डाग. शेवटी गेल्या ऑगस्टपासून सिंहगड रस्त्याकडच्या एका डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करून पॉलिश करणाऱ्या ठिकाणी, गाडी द्यायला लागले. आतापर्यंत दोनदा पूर्ण डिटेलिंग आणि अधूनमधून फोम वॉश झाला.

कामाबद्दल समाधानी आहे. डिटेलिंगचे ४,५०० आणि १८ टक्के जीएसटी धरून ५,३१० रुपये झाले. डाग गेले, सीटांचा कुबट वास गेला. टपावरचे दोन डाग रंगात खोल उतरले होते, ते राहिले. पण ते राहतील असं त्यांनी गाडी घेतानाच सांगितलं होतं.

ओळखीतले लोक मात्र मला वेगळंच विचारतात. एवढं बिल भरल्यावर काम करणाऱ्या मुलांना वर काही द्यायचं का?

पहिल्या वेळी मी काउंटरवर बिल स्कॅन केलं, वर ३०० रुपये टाकले आणि "हे मुलांना द्या" म्हणून निघाले. दुसऱ्या वेळी दुपारभर तिथेच थांबले. एक विशीतला मुलगा दरवाज्यावर क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवत होता. फवारा मारायचा, क्ले हलक्या हाताने पुढेमागे न्यायचा. आधी खर्र-खर्र आवाज येतो, कारण धूळ आणि क्षार रंगाला चिकटलेले असतात. ते निघत गेले की आवाज बारीक होत जातो. तो मुलगा आवाज पूर्ण थांबेपर्यंत पुढच्या पत्र्याकडे जात नव्हता. पाण्यात राहून त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती.

मग पॉलिश पुसताना त्याच्या हातातलं मायक्रोफायबरचं फडकं खाली पडलं. त्याने ते झटकून परत वापरलं नाही. सरळ मळक्या फडक्यांच्या बादलीत टाकलं आणि नवीन काढलं. जमिनीवरचा वाळूचा एक कण फडक्यात राहिला तरी काळ्या रंगावर बारीक रेघा उठतात, आणि त्या उन्हात गेल्याशिवाय दिसतही नाहीत. त्याच्याकडे त्या वेळी कोणाचं लक्ष आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या मते वरखुशी द्यायची ती याची. चकाचक गाडीचे पैसे बिलात आलेलेच असतात.

निघताना त्याला सहज विचारलं, मागच्या वेळचे ३०० मिळाले होते ना? तो म्हणाला, "कोणते, ताई?" मॅनेजरना विचारलं तर म्हणाले, वरचे पैसे महिनाअखेरीस सगळ्यांत वाटतो. तसं असेलही. पण ऑगस्टमध्ये माझी गाडी ज्याने केली होती तो मुलगा तोवर गावी निघून गेला होता, आणि माझे पैसे त्याच्यापर्यंत पोचले की नाही हे मला कोणीच सांगू शकलं नाही. ही गोष्ट मला लागली.

तेव्हापासून काउंटरवर फक्त बिल भरते. वरचे पैसे रोख, काम संपल्यावर, ज्याने काम केलं त्याच्या हातात. दोघे असतील तर दोघांना वेगवेगळे. पाचशेची एक नोट एकाच्या हातात ठेवून "वाटून घ्या" म्हणणं बरं नाही. घरून निघतानाच शंभरच्या नोटा पर्समध्ये घेते. ज्याच्या हाताला पाणी आहे त्याला मोबाइल काढून क्यूआर दाखवायला लावणंही मला नको वाटतं.

किती, याचा हिशोब मी बिलावरून करत नाही. न्यू जर्सीला राहणारी बहीण सांगते, तिकडे पंधरा-वीस टक्के देतात. आपल्याकडे २५ हजारांचं सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, केलं तर वीस टक्के म्हणजे पाच हजार! कोटिंगच्या बिलात त्या द्रवाच्या बाटलीची किंमत आणि वॉरंटीही असते. मी तास मोजते. फोम वॉशला पन्नास, आणि अर्धा दिवस राबलेल्या मुलाला दोनशे ते तीनशे. गाडीत कुत्र्याचे केस किंवा लहान मुलाची ओकारी असेल तर त्याहून जास्त द्यावं, आणि हे गाडी देतानाच सांगून ठेवावं.

आधी पैसे देऊन पाहिले आहेत. एका फोम वॉशला सुरुवातीलाच शंभर दिले. काम नेहमीसारखंच झालं, पण दाराच्या कडांमध्ये फेस राहिलेला दिसल्यावर बोलायला मलाच अवघडल्यासारखं झालं. आता आधी दारं उघडून कडा बघते, टायरच्या आतली बाजू बघते, गाडी उन्हात घेते. काही राहिलं असेल तर सांगते. ते करून देतात, तोंड वाकडं करत नाहीत, आणि मगच नोट काढते. चूक निस्तरून देणाऱ्याचे पैसे मी कापत नाही.

आणि कोणाला खरंच जमत नसेल तर देऊ नये, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या मुलाचं नाव घेऊन मालकासमोर काम चांगलं झालं म्हणून सांगावं. मी ते पैसे देऊनही सांगते.

सोसायटीत रोज पहाटे गाडी पुसणाऱ्या काकांना आपण दिवाळीला पोस्त देतोच. पुढचं डिटेलिंग मी दिवाळीच्या आठवडाभर आधी ठरवलंय. फडकं बदलणारा तो मुलगा तेव्हा तिथे असेल, तर त्याचीही पोस्त पाकिटात घालून नेणार आहे.