वाचता आलं म्हणून घेतलं: तिबेरियसचं खोटं नाणं

मी गेली वीस वर्षं शिवराई, म्हणजे तांब्याची जुनी मराठा नाणी, जमवतोय. रोमन नाण्यांकडे गेल्या वर्षी वळलो आणि पहिल्याच खरेदीत साडेबारा हजार रुपये गेले. तोच माल अजून फिरतोय, म्हणून लिहितो.

नाणेप्रदर्शनाच्या बाहेर एका माणसाने पुरचुंडीतून डिनेरियस, म्हणजे चांदीचं रोमन नाणं, काढलं. कोइमतूरकडे विहीर खणताना सापडलं, म्हणाला. पटण्यासारखंच होतं, त्या भागात ऑगस्टस आणि तिबेरियस या रोमन सम्राटांच्या नाण्यांचे साठे खरोखर मिळाले आहेत. मग त्याने माझ्या हातात भिंग दिलं. "माझ्यावर नका विश्वास ठेवू सर, तुम्हीच वाचा."

मी वाचलं. पानांचा मुकुट घातलेला, उजवीकडे पाहणारा चेहरा. भोवती लॅटिन अक्षरांत तिबेरियस सीझर, दैवी ऑगस्टसचा पुत्र. मागे राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, शेजारी 'पोंटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित. 'यू'च्या जागी 'व्ही', तेही बरोबर. इ.स. १४ ते ३७ मधलं नाणं आपल्याला ओळखता आलं, या आनंदात मी पैसे मोजले.

ओळख चुकली नव्हतीच. खऱ्या नाण्यावरून साचा काढून ओतलेल्या नकलेवर अक्षर न् अक्षर बरोबर असतं. नाण्यावरची अक्षरं वाचून नाणं कोणाचं ते कळतं, खरं की खोटं ते नाही. एवढी गोष्ट कळायला दुसरं नाणं समोर यावं लागलं. दोन महिन्यांनी, माझ्याच सांगण्यावरून, मित्राने त्याच माणसाकडून तसंच एक घेतलं. याचं मला जास्त वाईट वाटतं.

दोन्ही शेजारी ठेवली. मानेमागे, मुकुटाच्या फितीजवळ, घड्याळात आठचा आकडा असतो त्या जागी कडेला तडा. दोन्हींवर तेवढाच लांब, तसाच वाकडा. रोमन टांकसाळीत चकती ठशांमध्ये धरून हातोड्याने ठोकत. दोन नाण्यांचा ठसा एक असू शकतो, पण ठोकताना फाटलेली कड हुबेहूब तशीच दुसऱ्यांदा फाटत नाही.

मग ओळखीच्या सराफांकडे गेलो. वजन ३.१२ ग्रॅम, तिबेरियसचं चांगलं नाणं साधारण ३.६ ते ३.८ भरतं. "झिजलंय" असं विक्रेत्याने आधीच सांगून ठेवलं होतं. पण झीज आधी उंच भागांवर दिसते: गाल, कान, केस. इथे अक्षरांच्या खाचासुद्धा तितक्याच बुजलेल्या होत्या, आणि भिंगाखाली बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसत होते. सराफांनी नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात टांगलं. वजन ०.४२ ने घटलं. ३.१२ भागिले ०.४२, म्हणजे नाण्याचा धातू पाण्याच्या सुमारे ७.४ पट जड. शुद्ध चांदीला १०.५ च्या आसपास येतं, आणि तिबेरियसच्या काळातली चांदी जवळपास शुद्धच असे. आमच्या नाण्यांत बहुधा कथिलच जास्त होतं.

विहिरीची गोष्ट ऐकतानाच मी थांबायला हवं होतं. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गोष्ट खरी असती तरी व्यवहार बेकायदा ठरला असता, आणि म्हणूनच पावती मागायची मला हिंमत झाली नाही. विक्रेत्याचा फोन आता लागत नाही.

तिबेरियसचं नाणं कुणी दाखवलं तर कड आधी बघा. आठच्या जागी, फितीजवळ, आत वळलेला तडा असेल तर ते आमच्याच साच्यातलं आहे.